लोणावळ्याचा महाशीर कावेरीत उपरा

नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या माशाला लोणावळ्यात जीवदान मिळाले. तोच मासा शेकडो किलोमीटर दूरच्या कावेरीत सोडला गेला आणि तेथील मूळ रहिवाशाच्या मुळावर उठला. परकीय प्रजातींचे आक्रमण म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी मावळच्या पाण्यातील या माशाची कहाणी पुरेशी आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात १९८५ मध्ये एक अनोळखी मासा प्रथम आढळला. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पसरलेले पर आणि विषारी काटे असलेला हा ‘लायनफिश’ मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांचा. हौशी लोकांच्या मत्स्यालयांतून तो समुद्रात सोडला गेला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढील तीन दशकांत त्याने कॅरेबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात व्यापले. प्रवाळांच्या रांगा आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे येथे त्याने ठाण मांडले आणि स्थानिक लहान माशांचा फडशा पाडला. नव्या पाण्यात त्याला ओळखणारा शत्रू नव्हता, की त्याच्यापासून सावध राहणारे भक्ष्यही नव्हते. आपल्या लक्षद्वीपच्या समुद्रात मात्र हाच मासा निसर्गसाखळीतील एक सामान्य दुवा आहे. त्याने तेथे कोणाचा संसार मोडलेला नाही.

समुद्रातील या घटनेचा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेल्या लोणावळ्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. फरक एवढाच, की लायनफिश निष्काळजीपणामुळे बाहेर पडला, तर लोणावळ्याचा मासा सदिच्छेने दूरदेशी पाठविण्यात आला.

पुण्याच्या नदीतील मासा

हा मासा म्हणजे दख्खनचा महाशीर. काही भागांत त्याला खडशी म्हणतात. मोठे, जाड खवले, मजबूत शेपटी आणि वाहत्या पाण्याची ओढ ही त्याची ओळख. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहू लागल्या, की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ पात्रात अंडी घालतो. फळे, किडे, शिंपले, लहान मासे असे जे मिळेल ते तो खातो.

शास्त्राच्या दृष्टीने या माशाचे गाव पुणेच. मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेले कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनमधील माशांची पाहणी केली आणि १८३९ मध्ये या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना नमुना मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात. स्थानिक नावावरून त्यांनी त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले आणि आजही जगभरातील शास्त्रज्ञ त्याला ‘टोर खुद्री’ याच नावाने ओळखतात.

ज्या पात्रात सायक्स यांना हा मासा मिळाला, तेथे तो आज मिळणे दुरापास्त झाले आहे. धरणांमुळे वर चढण्याचे मार्ग बंद झाले, वाळूउपशाने अंडी घालण्याच्या जागा नष्ट झाल्या, सांडपाण्याने प्राणवायू घटला आणि सुरुंग लावून मासे मारण्याच्या प्रकारांनी उरलीसुरली कसर भरून काढली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशातील बहुतेक नद्यांमधून महाशीर घटत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या होत्या.

वळवणचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर लोणावळ्यात एक महत्त्वाचे काम उभे राहिले. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रासाठी टाटा कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे जलाशय बांधले होते. खोपोलीत १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. या जलाशयांत महाशीर टिकून होता. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात या माशाच्या विणीचा आणि अंड्यांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष १९७० च्या दशकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ शशांक ओगले यांच्या देखरेखीखाली वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात महाशीरचे कृत्रिम प्रजनन नियमितपणे होऊ लागले.

पद्धत ऐकायला सोपी, करायला कष्टाची. पक्व मादीच्या पोटावर हळुवार दाब देऊन अंडी काढायची, त्यावर नराचे वीर्य सोडायचे आणि फलित अंडी सतत वाहत्या स्वच्छ पाण्यातील तबकांत ठेवायची. काही दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती बोटाएवढी झाली, की त्यांना ‘बोटुकली’ म्हणतात आणि ती जलाशयात सोडण्यायोग्य ठरतात. फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून दूरवर पाठविता येतात, हेही याच केंद्रातील कामातून पुढे आले. महाशीरसारखा हट्टी मासा हातात वाढविता येतो, हे सिद्ध होणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. वळवणहून लाखो बोटुकली देशातील अनेक राज्यांत गेली.

त्यांपैकी काही गेली कर्नाटकात, कावेरीच्या पाण्यात.

वाढलेल्या आकड्यांमागे काय दडले?

कावेरी ही गळाने मासेमारी करणाऱ्या शौकिनांची ब्रिटिश काळापासूनची पंढरी. तेथे पन्नास किलोच्या घरात जाणारा, पाठीवर उंचवटा असलेला सोनेरी छटेचा ‘कुबडा महाशीर’ मिळत असे. तो कावेरी आणि तिच्या उपनद्यांखेरीज जगात कोठेही आढळत नाही. कावेरीतील महाशीर घटू लागल्यावर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, लोणावळ्यातील बोटुकली तेथे सोडण्यास सुरुवात झाली. हेतू निर्मळ होता. महाशीर कमी झाले आहेत, तर महाशीर सोडावेत.

पुढील काळात शौकिनांच्या गळाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वाढली. मासा पकडायचा, वजन करायचे, नोंद ठेवायची आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, ही तेथील छावण्यांची शिस्त होती. नोंदी चांगल्या दिसत होत्या. संवर्धन यशस्वी झाले, असेच कोणालाही वाटले असते.

ब्रिटनमधील बोर्नमथ विद्यापीठाशी संबंधित संशोधक एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी बारकाईने तपासल्या. कावेरीकाठच्या गालिबोरे येथील छावणीतील १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक माशांची ती माहिती होती. अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. वाढलेली संख्या जवळपास सर्वस्वी निळसर परांच्या महाशीरची होती. हाच तो बाहेरून आलेला मासा. कुबड्या महाशीरची संख्या मात्र सतत घसरत होती. त्याहून चिंताजनक बाब अशी, की जे कुबडे मासे मिळत होते ते वर्षागणिक आकाराने मोठे होत होते. लहान मासे दिसतच नव्हते. थोडक्यात, घरात वडीलधारी मंडळी तेवढी उरली होती आणि पाळणा हलणे थांबले होते.

महाशीर दीर्घायुषी असतो. त्यामुळे नवी पिढी जन्माला येणे थांबले, तरी जुने मासे अनेक वर्षे गळाला लागत राहतात आणि सारे आलबेल असल्याचा भास होतो. दोन वेगळ्या प्रजाती ‘महाशीर’ या एकाच नावाखाली मोजल्या गेल्या आणि एकीच्या वाढीने दुसरीची घट झाकली गेली.

नाव नसलेला मासा

अशी चूक झाली कशी? याचे एक कारण असे, की कुबड्या महाशीरला तोपर्यंत स्वतःचे निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. गेल्या दीड शतकापासून शिकारवर्णनांत गाजलेला हा मासा नेमक्या कोणत्या प्रजातीचा, याविषयी एकमत नव्हते. केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून २००७ मध्ये ‘टोर रेमादेवी’ या प्रजातीचे वर्णन झाले होते. परंतु तीच प्रजाती म्हणजे कावेरीचा जगप्रसिद्ध कुबडा महाशीर, हा उलगडा २०१८ मध्ये झाला. त्यासाठी माशांची शरीररचना आणि डीएनए या दोन्हींचा आधार घेण्यात आला. या संशोधनात पुण्याच्या ‘आयसर’शी तेव्हा संबंधित असलेले नीलेश डहाणूकर यांचाही सहभाग होता. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे ‘आययूसीएन’ने, या माशाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात केली. नामशेष होण्यापूर्वीची ही शेवटची पायरी आहे.

कुबड्या महाशीरवरील संकटाला केवळ लोणावळ्याचा मासा कारणीभूत आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कावेरीवरील धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी आणि घटते पाणी यांनी त्याला आधीच जेरीस आणले होते. मात्र दुर्बळ झालेल्या प्रजातीच्या शेजारी दरवर्षी हजारोंच्या संख्येने ताजेतवाने प्रतिस्पर्धी सोडले गेले. अन्न तेच, डोह तेच, अंडी घालण्याची जागाही तीच. मत्स्यबीज केंद्राचे पाठबळ असलेल्या माशापुढे एकट्याच्या बळावर जगणाऱ्या माशाचा निभाव कसा लागावा?

दरम्यान, दख्खनच्या महाशीरची स्थिती कागदोपत्री सुधारली. पूर्वी ‘संकटग्रस्त’ ठरविलेल्या या प्रजातीला आययूसीएनने नंतरच्या मूल्यांकनात ‘कमी चिंतेच्या’ गटात ठेवले. लोणावळ्यातील कामाचा त्याबद्दल गौरवाने उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. एका प्रजातीला तारणारे काम दुसऱ्या खोऱ्यात दुसरीला अडचणीत आणू शकते, ही या गौरवाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

परका कोण? देश नव्हे, खोरे पाहा

‘परकीय’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेश येतो. माशाला मात्र राज्याच्या किंवा देशाच्या सीमा ठाऊक नसतात. त्याचा देश म्हणजे नदीचे खोरे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढे कृष्णेला मिळते. या साऱ्या पाण्यात दख्खनचा महाशीर घरचा आहे. कावेरीचे खोरे वेगळे. तेथे तो भारतीय असूनही परकाच.

हाच निकष मावळात लावून पाहिला, तर अनेक समजुतींना धक्का बसतो. धरणांच्या जलाशयांत सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मासे आपण देशी मानतो. ते मूळचे गंगेच्या आणि उत्तरेकडील नद्यांच्या खोऱ्यांतले. खाणाऱ्यांना ते प्रिय आहेत, मच्छीमारांच्या पोटाचा तो आधार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मावळच्या नद्यांत ते पाहुणेच आहेत. तिलापिया, म्हणजे मच्छीमारांचा चिलापी, मूळचा आफ्रिकेचा. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे आणि वाढ झपाट्याची. आफ्रिकी मांगूर हा मांसाहारी मासा १९९० च्या दशकात चोरट्या मार्गाने देशात शिरला. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही चोरून होणारे संवर्धन थांबले नाही.

इंद्रायणीतील माशांचे सर्वेक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पन्नासहून अधिक प्रजातींची नोंद आहे. पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही न आढळणारे मासे त्यात आहेत, तसेच बाहेरून आणलेलेही आहेत. वरकरणी लहानशी वाटणारी ही नदी किती मौल्यवान ठेवा सांभाळून आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

पाण्यावर तरंगणारी जलपर्णी तर पिंपरी-चिंचवडकरांच्या रोजच्या परिचयाची. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती शोभेसाठी भारतात आणली गेली. आज पवना आणि इंद्रायणी उन्हाळ्यात तिच्या हिरव्या चादरीखाली गुदमरतात. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. नदी जितकी घाण, तितकी जलपर्णी जोमदार. यंत्राने ती काढली जाते आणि पुढल्या वर्षी पुन्हा उगवते, कारण तिला पोसणारे सांडपाणी थांबलेले नसते.

मत्स्यालयातून नदीत

मुंबई-पुण्याच्या वाचकांशी थेट संबंध असलेला मार्ग म्हणजे घरातील मत्स्यालय. काचेवरील शेवाळ खातो म्हणून विकत घेतला जाणारा ‘सकर’ मासा हे याचे ठळक उदाहरण. दक्षिण अमेरिकेतील हा मासा लहानपणी गोंडस दिसतो. नंतर तो फूटभर वाढतो, टाकी अपुरी पडते आणि मारायचे जिवावर येते, म्हणून मालक त्याला जवळच्या नदीत किंवा तलावात सोडून देतो. अंगावर कठीण कवच असल्याने त्याला खाणारे फार थोडे. तो काठाच्या मातीत बिळे करतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नसते. उजनी जलाशयातील मच्छीमारांना अलीकडच्या वर्षांत त्याचा उपद्रव होऊ लागला आहे.

उजनी मावळापासून दूर आहे, असे समजून निश्चिंत राहता येणार नाही. पवनेचे पाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीचे पाणी तुळापूरहून भीमेतून शेवटी उजनीतच जाते. शिवाय टाटांच्या जलाशयांमुळे लोणावळ्याचे काही पाणी उलट दिशेने, घाट उतरून खोपोलीला आणि तेथून पाताळगंगेत जाते. पूर्ववाहिनी आणि पश्चिमवाहिनी या दोन स्वतंत्र जलसृष्टी येथे माणसाने जोडल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी पवनेच्या काठावर ‘मुक्त’ केलेला एखादा शोभेचा मासा कोठवर जाऊ शकेल, याचा अंदाज यावरून यावा.

सागरावर पहारा, नदी मोकळी

समुद्रमार्गे येणाऱ्या आक्रमकांकडे जगाचे लक्ष आधी गेले. मालवाहू जहाजे तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात आणि ते दुसऱ्या बंदरात ओततात. त्या पाण्याबरोबर हजारो सूक्ष्म जीव आणि अळ्या प्रवास करतात. काही शिंपले जहाजाच्या तळाला चिकटून येतात. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील काळ्या पट्ट्यांचा शिंपला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांत असाच स्थिरावला. जहाजांतील या पाण्याच्या नियंत्रणासाठी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला.

गोड्या पाण्यात मात्र बोटुकली भरलेल्या पिशव्या ट्रकमधून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. परदेशी माशांच्या आयातीसाठी परवानगीची चौकट आहे. देशांतर्गत स्थलांतराकडे मात्र तेवढ्या गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. जैवविविधतेविषयी सरकारांना सल्ला देणाऱ्या ‘आयपीबीईएस’ या आंतरराष्ट्रीय मंचाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, माणसाने जगभरात ३७ हजारांहून अधिक प्रजाती त्यांच्या मूळ जागेबाहेर नेल्या असून त्यांतील साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरल्या आहेत. नामशेष झालेल्या वनस्पती आणि प्राण्यांपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत आक्रमक प्रजाती हे एकमेव किंवा अन्य कारणांबरोबरचे प्रमुख कारण होते, असेही हा अहवाल सांगतो.

उपाय काय?

एकदा पसरलेला मासा नदीतून पूर्णपणे काढून टाकणे जवळपास अशक्य असते. म्हणूनच खबरदारी हाच खरा उपाय. पहिली खबरदारी म्हणजे नदीत सोडायचे मत्स्यबीज त्याच खोऱ्यातील पालकांचे असावे आणि प्रजातीची खात्री डीएनए तपासणीने व्हावी. आज ही तपासणी पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. कावेरीसाठी कुबड्या महाशीरचेच बीज तयार करणे हे तेथील काम आहे आणि त्यासाठी लागणारे कौशल्य लोणावळ्याने अर्धशतकापूर्वीच कमावले आहे. मासा पाठविण्याऐवजी हे ज्ञान पाठविता येईल.

दुसरी गोष्ट, किती बोटुकली सोडली यावरून संवर्धनाचे यश मोजणे थांबायला हवे. नदीत मासा स्वतः वीण करतो का, त्याची पिल्ले मोठी होतात का, हा खरा प्रश्न आहे. महाड तालुक्यातील वाळणकोंडीच्या आणि वाडा तालुक्यातील तिळसेश्वराच्या डोहांत लोकांनी श्रद्धेने महाशीर राखला. तेथे मोठा खर्च झाला नाही की यंत्रणा उभारावी लागली नाही. मासे मारायचे नाहीत आणि डोह घाण करायचा नाही, एवढा साधा दंडक गावांनी पाळला. इंद्रायणी आणि पवनेच्या उगमाकडील पाणी अद्याप तुलनेने स्वच्छ आहे. तेथे असे राखीव डोह निश्चित करता येतील.

नागरिकांच्या हाती असलेली गोष्ट तर अगदीच सोपी आहे. मत्स्यालयातील मासा, कासव वा पाणवनस्पती कोणत्याही परिस्थितीत नदीत, धरणात किंवा विहिरीत सोडू नये. नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा. पुण्यकर्म म्हणून बाजारातील जिवंत मासे नदीत सोडण्याची प्रथाही याच कारणासाठी टाळलेली बरी. एका जिवाला दिलेले जीवदान नदीतील अनेकांच्या जिवावर बेतू शकते.

वळवणच्या केंद्राने महाशीरला वाचविले, हे मावळाचे श्रेय कोणी हिरावून घेणार नाही. आता त्याच माशाला त्याच्या हक्काच्या पाण्यात, इंद्रायणीच्या आणि मुळा-मुठेच्या प्रवाहात, स्वतःच्या बळावर पुन्हा वाढता यावे, यासाठी नदी स्वच्छ करणे हे उरलेले काम आहे. ते मत्स्यबीज केंद्राच्या आवाक्यातील नाही. ते नदीकाठी राहणाऱ्या शहरांचे आहे.